बांबूच्या यार्डाचं फाटक

नदीकाठच्या त्या कागद कारखान्याला एकच काळजी होती, यार्डातल्या बांबूची. माणसं गेली खड्ड्यात! जंगलातून हत्ती आले की पहारेकऱ्यांनी पत्र्याचे डबे बडवायचे आणि त्यांना मागे पिटाळायचं. आता मागे काय होतं? कामगारांच्या खोल्या! त्यांतच तिचंही घर होतं.

आणि डबे बडवणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर तिचाच नवरा. आदल्या संध्याकाळी असाच पिटाळलेला कळप त्यांच्या खोल्यांत घुसला आणि तिच्या स्वयंपाकघराची भिंत आडवी झाली. पलीकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. विटा त्यांच्या उशाशी येऊन थांबल्या. थोडक्यात वाचल्या बिचाऱ्या.

"नोकरी आहे गं, काय करू?" नवरा म्हणाला.

"करा, करा नोकरी! स्वतःच्या आईच्या अंगावर हत्ती घालायची नोकरी!"

सकाळी ती तणतणत मॅनेजरकडे गेली. साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

"हत्ती कारखान्यात शिरले तर ती आमची जबाबदारी," ते म्हणाले. "भिंतीबाहेर जे होतं, तो निसर्ग."

निसर्ग म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिस्कीट तुटून चहात पडलं, त्याचं मात्र साहेबांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी नदीकडून फांद्या मोडल्याचा आवाज आला. ती तडक यार्डापाशी गेली, अडसर ओढला आणि फाटक सताड उघडून आडोशाला सरकली. हत्तीण आत शिरली, मागोमाग पिल्लू, मग बाकीचे. सगळे निवांत बांबू सोलायला लागले.

साहेब धावत आले. "बघताय काय? बडवा डबे! हाकला मागे!"

नवऱ्याने डबा उचलला. आता बडवतो हा मेला, असं तिला वाटलं.

"मागे माझी आई झोपलीय, साहेब," तो म्हणाला.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"नाही येत." त्याने डबा साहेबांच्या हातात दिला. "मी आईजवळ जाऊन बसतो. मग तुम्ही खुशाल बडवा."

आणि खरंच, त्या निर्लज्ज माणसाने डबा बडवला. एकट्याने. बाकीच्या पहारेकऱ्यांनी आपापले डबे जमिनीवर ठेवले होते. हत्तिणीने नुसता कान हलवला आणि पुढचा बांबू ओढला.