मोहाजवळचा कॅमेरा

अश्वजितने मोहाच्या खोडाला कॅमेरा पट्ट्याने आवळला आणि शिडीवरूनच मोबाइल पाहिला. चित्र येईना. सिमकार्डाचं राऊटर त्याने गावातल्या पाण्याच्या टाकीवर ठेवलं होतं. रेंज फक्त तिथंच मिळायची. त्याचं वायफाय इथवर पोचत नव्हतं. मधे दुसरं राऊटर हवं होतं, आणि मधे एकच घर होतं, बुधरीचं.

तिच्या नवऱ्याला, कोलूला, गेल्या उन्हाळ्यात याच झाडाखाली मोहफुलं वेचताना वाघाने मारलं होतं. आता वाघ पुन्हा गावाजवळ दिसू लागला, म्हणून वनविभागाने अश्वजितला हा कॅमेरा आणि राऊटर घेऊन पाठवलं होतं.

बुधरीने आढ्याखाली जागा दाखवली. साबणाच्या वडीएवढं राऊटर आणि त्याची बॅटरी तो बांधत होता, तोवर ती दारात उभी राहिली.

"याच्यातून कोण पायते?"

"मीच. कुरखेड्याले खोली हाये माही. वाघ दिसला का गार्डले फोन करतो."

"घरचे?"

"कोणी नाई. एकटाच राह्यतो."

तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, कुरखेड्याच्या खोलीत बसल्या बसल्या त्याला ती कॅमेऱ्यात दिसली. झाडाशी आली, वर पाहिलं, ओठ हलले. जरा थांबली आणि घराकडे वळली. मग रोजच येऊ लागली. कोलूशी बोलत असेल, असं अश्वजितला वाटलं. ती आली की तो स्क्रीनवरून नजर काढून खिडकीकडे बघायचा. त्या वेळी तिथं जाणं धोक्याचं आहे, हे त्याला कळत होतं. पण तिला अडवणं त्याच्या जिवावर यायचं. समोर बिस्किटाचा पुडा असायचा. खोलीतला स्टोव्ह त्याने कधीचा पेटवला नव्हता.

एका संध्याकाळी ती गेली आणि झाडासमोरचं गवत हललं. वाघ शांतपणे बाहेर आला. ती उभी होती ती जागा हुंगली आणि नाल्याकडे उतरला. अश्वजितने लगेच गार्डला फोन लावला.

सकाळी उजाडताच तो मोटारसायकलने निघाला. बुधरी अंगण सारवत होती. त्याने तिला मोबाइलवरचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ वाघाकडे पाहत राहिली.

"मोठा हाये," ती म्हणाली.

"बाई, सांजच्याले तिथी नका जाऊ आता. कोलूभाऊसंग बोलाचं असन तं..."

"कोलूसंग?" तिने मान वर केली. "त्याच्यासंग बोलाले झाडाजवळ कायले जाऊ? तो घरातबी असते."

"मंग?"

"तुले विचारत होती. जेवला का म्हून." शेणाचा हात तिने तसाच अधांतरी धरला होता. "तू कधी काई बोलला नाई. मले वाटलं, कामात असन."

अश्वजितने मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"त्याच्यात आवाज नाई येत बाई. निस्तं दिसते."

"म्हंजे तुले आयकूच नाई आलं?"

"नाई."

बुधरीने बादलीत हात धुतले, लुगड्याला पुसले. घाई केली नाही.

"आता तं आयकू येते ना," ती म्हणाली. "जेवला का?"



"नाई," तो म्हणाला, आणि ओल्या सारवणाच्या कडेकडेने जात त्याने दाराशी चपला काढल्या.