दारावरची हाक

"माझ्या लेकराचं तपासायचंय ना? मग तू स्वतःचं रक्त कशाला काढतेस?" धाकटीनं विचारलं.

"शेजारी निरोगी रक्त लागतं. नाहीतर बिघाड कळायचा कसा?" प्रयोगशाळेत काम करणाऱ्या थोरलीनं दंडाला पट्टा आवळला. धाकटीच्या मांडीवर गुंड्या खोकून खोकून दमला होता. वर्षाचा होत आला तरी अंग धरत नव्हता. एक दुखणं हटलं की दुसरं हजर.

रोगांशी लढणाऱ्या पेशी त्याच्या रक्तात भरपूर होत्या, म्हणून इतके दिवस सगळे निर्धास्त होते. थोरलीनं दोघांच्या पेशींना जागं करणारं औषध घातलं. मावशीच्या पेशी खडबडून उठल्या. भाच्याच्या ढिम्म. मग तिनं दुसरं औषध घातलं, पेशीच्या दाराला वळसा घालून थेट आत शिरणारं. तेव्हा त्याही उठल्या. थोरलीनं धाकटीला बोलावून ते सांगितलं.

"म्हणजे चांगल्या आहेत त्या?" धाकटीचा चेहरा उजळला.

"चांगल्याच आहेत गं. दारावरची हाक आत पोचवणारं एक एन्झाइम असतं, तेच त्याच्यात जन्मापासून नाही. रोग दारात आला तरी आत पत्ताच लागत नाही."

"मग ते दुसरं औषध दे ना त्याला."

"ते नळीतच चालतं, बाळा. अंगात गेलं तर विष."

दुसऱ्या कुणाची तरी अस्थिमज्जा देणं, एवढाच उपाय होता. मावशीची जुळली नाही. एका अनोळखी माणसाची जुळली, दिवसही ठरला. त्याआधीच ताप छातीत उतरला आणि गुंड्या गेला.

पुढं एका दुपारी धाकटी प्रयोगशाळेत आली. पाणीही न पिता म्हणाली, "त्याचं काही उरलंय का गं तुझ्याकडे?"

"थोड्या पेशी आहेत. गोठवून ठेवलेल्या."

"जिवंत?"

थोरली अडखळली. "हो."

"बघू दे."

तपासणी संपली होती, नमुना टाकूनच द्यायचा होता. साहेबांना विचारून थोरलीनं बोटाच्या पेराएवढी नळी काढली. "हातमोजे घाल. फार वेळ धरू नकोस. वितळल्या की टिकत नाहीत त्या."

धाकटीनं नळी ओंजळीत घेतली, छातीशी धरली.

"किती गारठलाय," ती म्हणाली आणि ओंजळीवर हळूहळू फुंकर घालू लागली.

थोरली फ्रीझरचं दार उघडं धरून उभी होती. थोड्या वेळानं तिनं ते आवाज न करता लावून घेतलं.