दोघींतली एक

अमालियेने पातेल्यातला सीलच्या मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा हुडकून धाकट्या लेकीच्या ताटात वाढला. इवालू डॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली. आभारच मानले असावेत.

सात वर्षांची असताना ती याच किनाऱ्यावरून डेन्मार्कच्या बोटीत चढली होती. आज दुपारी उतरली ती बावीस वर्षांची बाई. ग्रीनलंडची भाषा तिच्या जिभेवरून पुसून गेली होती. थोरली युडिथे दुकानात कामाला असल्यामुळे डॅनिश बोलायची. ती मध्ये बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होती.

"विचारतेय, तो समोरचा हिमनग कायम तिथंच असतो का?"

"म्हणावं, वारा फिरला की जाईल."

इवालू हसली, मग हळूच काही बोलली.

"म्हणते, आई माझ्याकडे बघतच नाही."

अमालियेने हात टेबलाखाली घेतले.

"तिला सांग, तो डॅनिश साहेब म्हणाला होता, शिकून शहाणी होऊन येईल, दोघींतली एक द्या. कुठली द्यायची, ते मी ठरवलं."

युडिथेने मान वर केली. "मला कधी बोलली नाहीस."

"तू माझ्या अंगरख्याला धरून रडत होतीस. ही रडली नाही. म्हणून हिला दिली. सांग तिला."

व्हेलची कातडी कापणारी युडिथेची सुरी थांबली. बाहेर कुणीतरी कुत्र्यांना मासे टाकत होतं. इवालू आळीपाळीने दोघींकडे बघत होती.

शेवटी युडिथे बोलली, अगदी थोडं. अमालिये आजारी पडून शहरातल्या इस्पितळात होती, तेव्हा डॅनिश नर्स दर जेवणाला जो शब्द म्हणायची, तेवढाच त्यातला तिला कळला : खा.

इवालूने आईच्या दंडावर हात ठेवला आणि घास घेतला.

"मी एवढंच म्हणाले होते?" अमालियेने युडिथेला विचारलं.

"तुला हवं तर सांगते सगळं," युडिथे खालीच बघत म्हणाली. "सांगू?"

धाकटीच्या हनुवटीवर चरबी ओघळली होती. ती पोटभर जेवत होती.

"नको," अमालिये म्हणाली. "आणखी वाढू का, विचार."

युडिथेने विचारलं. मग उठून कोट चढवला आणि दार ओढून घेत बाहेर पडली.

इवालूने दाराकडे बोट करून काहीतरी विचारलं. अमालियेने तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.