डिकीच्या काठावर

"ही बसायची जागा आहे की कोंबड्यांची दांडी? माणसानं ह्याच्यावर ढुंगण टेकवायचं तरी कसं?"

लोव्रो स्वतःशीच पुटपुटला होता, पण डिकीत डोकं घालून आतला गालिचा चाचपणाऱ्या दारिंकाच्या ते थेट कानात पडलं. तिनं डोकं बाहेर काढलं. साध्या पँटवर स्कीचे टणक प्लास्टिकचे बूट चढवून तिचा चौसष्ट वर्षांचा नवरा एका उंच चंदेरी गाडीच्या डिकीच्या काठावर बसला होता आणि वाकून बुटाच्या पट्ट्या आवळत होता. नोव्हेंबर संपत आला होता. सिल्वोच्या गॅरेजमागच्या त्या अंगणात बर्फाचा अजून पत्ता नव्हता.

"उंच आहे का?" तिनं विचारलं.

"उंच नाही. अरुंद आहे. उंची बरोबर आहे. काठ गुडघ्याला गुडघा येतो."

गाडी इंजिन बघून घेतात ती खालच्या शहरातली माणसं. आमच्या खोऱ्यात गाडी डिकीच्या काठावर बसून घेतात. स्कीचे बूट उभ्यानं चढत नाहीत आणि बर्फात बसून चढवले तर सगळा दिवस ओल्या पँटीत काढावा लागतो. म्हणून काठ बसायच्या उंचीचा हवा, वर उघडलेलं झाकण छपरासारखं डोक्यावर हवं. स्की आत मावल्या पाहिजेत, टपावर नकोत, कारण रस्त्यावरचं मीठ त्यांच्या पोलादी कडा खातं. आणि परतताना ओले बूट ठेवायला अशी जागा हवी, की त्यांचा वास पुढच्या सीटपर्यंत येणार नाही. लोव्रोनं सदतीस हिवाळे पोरांना स्की शिकवली होती. ह्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

"सीट गरम होतात, मास्तर," सिल्वो हात पुसत आला. तोही लहानपणी लोव्रोकडेच शिकलेला. आता चाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं, तरी लोव्रोसमोर उभं राहिलं की स्कीच्या धड्यातल्यासारखे गुडघे आपोआप वाकायचे त्याचे. "बटण दाबलं की तव्यावर बसल्यासारखं."

"मला शिजायचं नाहीये, सिल्वो. स्की करायचीय."

"चारही चाकं ओढतात. वरच्या वळणावर साखळ्या लावायला नकोत."

"हां. हे कसं कामाचं बोललास."

जुनी लाल गाडी एकवीस वर्षं टिकली. वार्षिक तपासणीत तिथल्या पोरानं गंजलेल्या तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो लोव्रोच्या सीटखालून वर आला. पोरगं ओशाळून म्हणालं, "आजोबा, तुम्ही नशीबवान आहात." गाडी तिथंच राहिली. लोव्रोनं तिच्यातून दोन स्की, एक फावडं आणि अर्धी बाटली काढली आणि तो नि दारिंका बसनं घरी आले.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. निदान तोंडानं बोलायचा दुसरा विषय नव्हता.

मुलीचा, नेझ्काचा, ल्युब्लियानाहून सकाळीच फोन आला होता. "आई, ऑटोमॅटिक घ्यायला सांग बाबांना. तुलाही चालवता येईल. म्हणजे कधी लागलीच तर."

"मी कशाला चालवतेय आता."

"नाही, म्हणजे... कधी लागलीच तर."

"आयदाला नाताळच्या सुट्टीत पाठवतेयस ना? तो तिच्यासाठी छोट्या स्की घासून बसलाय."

"बघू," नेझ्का म्हणाली.

ते 'बघू' दारिंका दिवसभर खिशात घेऊन फिरत होती. गेल्या फेब्रुवारीत नातीला स्टेशनवरून आणताना लोव्रो बसथांब्याच्या पाटीला गाडी घासून गेला होता. सहा वर्षांच्या आयदानं घरी गेल्यावर ते हसत हसत सांगितलं. नेझ्का हसली नाही. ओरडलीही नाही. नुसती 'बघू' म्हणायला लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र दारिंकाला त्याआधीच सापडलं होतं. कुठं ठेवावं, तर ह्या माणसानं ते पोटित्साच्या साच्यात घडी करून ठेवलं होतं. अक्रोडाचा तो गोल पाव घरात फक्त नाताळला नि ईस्टरला व्हायचा. म्हणजे आठ-दहा महिन्यांची निश्चिंती, असा त्याचा हिशोब असणार. पत्रात लिहिलं होतं, की दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली आहे, कडेचं दिसत राहील, वाहन चालवू नये. तिनं पत्र वाचलं, होतं तशी घडी घातली आणि साच्यात परत ठेवलं. त्या वर्षीची पोटित्सा तिनं शेजारणीच्या साच्यात भाजली. "आपला कुठं गेला?" लोव्रोनं विचारलंसुद्धा नाही. दोन तुकडे खाल्ले, छान झाली म्हणाला.

तसं तर दोन हिवाळ्यांपूर्वी त्यानं तिला भडक नारिंगी कोट आणून दिला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. आयुष्यभर मातकट नि निळं घालणारी बाई ती. "हा रंग मला?" तर म्हणे, स्वस्त पडला. आणि त्या हिवाळ्यापासून उतारावर तो म्हणायला लागला, "तू पुढं हो." आभाळ नि बर्फ एका रंगाचे होतात, खाच कुठली नि टेकाड कुठलं कळत नाही, अशा दिवशी तो पोरांना नेहमी सांगायचा, "बर्फाकडे बघू नका. पुढच्याच्या पाठीकडे बघा." आता स्वच्छ उन्हातही तो तिच्या पाठीमागून यायचा, ती वळेल तिथं वळत. एवढा मोठा मास्तर, आणि बदकाच्या पिल्लासारखा. खाली पोचल्यावर म्हणायचा, "तुझं डावं वळण अजून कच्चं आहे."

"चक्कर मारून बघू?" लोव्रोनं बूट काढून डिकीत ठेवले.

सिल्वोच्या हातात किल्ली होती. त्यानं लोव्रोकडे बघितलं, मग दारिंकाकडे, मग किल्लीकडे. "मी येऊ का बरोबर? गिअर जरा..."

"तुला स्की कुणी शिकवली?"

"तुम्ही, मास्तर."

"मग आण इकडे."

सिल्वोनं किल्ली दिली. दारिंकाला म्हणाला, "मावशी, पट्टा लावा हं." त्यात काहीच नव्हतं, पण दोघांनीही एकमेकांची नजर चुकवली.

गाडी रस्त्याला लागली आणि दारिंकाचं तोंड सुरू झालं. गेली दोन वर्षं ती लोव्रोशेजारी बसून असंच बोलत होती. लोकांना वाटायचं, म्हातारपणी बाई वाचाळ झाली.

"ही बघ पोस्टातली झाल्का. झेब्रा क्रॉसिंगवर पाय टाकतेय. केवढी पिशवी ती! चार जणांचं घर, नि खातात चाळीस जणांचं."

लोव्रोनं गाडी हळू केली, थांबवली. झाल्का हात हलवून गेली. "पाहुणे असतील," तो म्हणाला.

"तो दूधवाल्याचा ट्रॅक्टर अजून पुलाअलीकडं उजव्या कडेला उभाच आहे. अर्धा रस्त्यावर. बायको बोलत नाही का ह्याला?"

लोव्रोनं स्टीअरिंग डावीकडे घेतलं. "ती बोलत असेल. तो ऐकत नसेल."

"समोरून तरी कुणी नाही म्हणून बरं."

"हं."

असं त्यांचं चालायचं. ती रस्ता सांगते हे त्यानं कधी कबूल केलं नाही, आणि सांगतेय हे तिनंही नाही. गावातल्या निम्म्या लोकांची मात्र रोज विनाकारण उणीदुणी निघायची.

पूल ओलांडला, घरं संपली, सरळ रस्ता आला. समोर डोंगर उघडा झाला. वरच्या उतारावर बर्फ करणारी यंत्रं सुरू झाली होती. तपकिरी गवतावर एकच पांढरा पट्टा दिसत होता, मलमपट्टी केल्यासारखा. दारिंका त्याच्याकडे बघत राहिली. ह्याच डोंगरावर ती बाविसाव्या वर्षी बेकरीच्या गाडीतून पाव घेऊन जायची. सरकत्या दाराची गाडी, पहाटेचा रस्ता, मागं ऊन ऊन पाव. स्कीशाळेच्या दाराशी तो नवा मास्तर रोज पावांच्या टोपल्या उतरवून घ्यायला मुद्दाम यायचा. लग्न झालं, आणि लाल गाडीच्या आधीची एक, तिच्या आधीची एक, सगळ्या गाड्यांत उजवीकडची, चालवणाऱ्याशेजारची सीट तिची झाली. कुणी बळजबरी केली नाही. तसंच असतं म्हणून झालं.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. मग रस्त्याच्या मधोमध थांबली.

दारिंका भानावर आली. पुढं काहीच नव्हतं. कुणी माणूस नाही, गाय नाही, गाडी नाही. लोव्रोनं स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, पहिल्या दिवशी पोरं स्कीच्या काठ्या धरतात तसं.

"बोल ना," तो म्हणाला. "का थांबलीस?"

"काय बोलू? रस्त्यावर कुणी नाहीये, लोव्रो."

"असं होय."

तरी तो हलला नाही. मागून एक गाडी आली, भोंगा वाजवून बाजूनं निघून गेली. लोव्रोनं धोक्याचे दिवे लावले, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. बॉनेटवरून हात फिरवत गाडीला वळसा घालून आला नि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडं बस."

"मी? ह्या धुडात?"

"पावाची गाडी चालवायचीस ना?"

"सदतीस वर्षं झाली त्याला!"

"रस्ता तोच आहे."

ती गेली. सीट पुढं ओढली, आणखी पुढं ओढली, तरी क्लचला टाचेनिशी पाय पोचेना. चवड्यावर दाबत तिनं गाडी सुरू केली. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा हिसका देऊन निघाली. "गुडघे वाकव," लोव्रो सवयीनं म्हणाला. उजवीकडच्या सीटवर हात कुठं ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग दाराच्या कडीवर, मग पुन्हा मांडीवर. तिनं गाडी गावाकडे वळवली. पूल आला, ट्रॅक्टर आला. दारिंका एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

अंगणात शिरताना सिल्वोनं बघितलं की स्टीअरिंगवर कोण आहे, आणि लगेच मान वर करून आभाळाकडे बघायला लागला.

"हवा बदलणार वाटतं," तो म्हणाला. "मंगळवारी पडेल म्हणतात."

"पडू दे." लोव्रोनं डिकी उघडली. त्यानं आणलेल्या पिशवीच्या तळाशी दारिंकाचेही बूट होते. सकाळपासून कुणी ते बाहेर काढले नव्हते. त्यानं ते काढले. "बस इथं. घाल."

"मी कशाला?"

"बस तर."

ती काठावर चढून बसली. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले. जड बुटांच्या भारानं ती पुढं घसरली. लोव्रोनं तिच्या कोपराला धरलं, मग खाली बसला आणि बोटांनी तिच्या टाचेखालचं अंतर मोजलं. असं मोजायचं त्याला ह्या एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि तिनं सुचवलं नव्हतं.

"अधांतरी आहेत," तो म्हणाला. "नको ही. सिल्वो, ती सकाळची पिवळी कुठाय?"

सिल्वो गोंधळला. भिंतीकडेला एक बुटकी, चौकोनी, पिवळी गाडी उभी होती. सरकतं दार, मागं रिकामी पोकळी. सकाळी लोव्रोनं तिच्याकडे मान वळवून "ह्यात पाव विकायचेत का?" एवढंच म्हटलं होतं. दारिंकानं मात्र तिचं दार एकदा सरकवून पाहिलं होतं. खर्रर्र असा आवाज आला, ऐकून तिला हसू आलं, म्हणून तिनं ते उगाच पुन्हा एकदा सरकवलं होतं.

ती स्कीच्या बुटांत खडखडत पिवळ्या गाडीपाशी गेली आणि मागच्या काठावर बसली. टाचा जमिनीवर सपाट टेकल्या. तिनं वाकून पहिली पट्टी लावली, दुसरी लावली, धाप न लागता.

"स्की आडव्या मावतील," लोव्रो आत हात घालून चाचपत म्हणाला. "तीन जोड. आयदाच्या धरून."

"पण मास्तर," सिल्वो कानामागं खाजवत म्हणाला, "तुमचे गुडघे हिच्या स्टीअरिंगला अडकतील. तुम्हाला ही चालवताना..."

तो मधेच थांबला. दारिंका पट्टीशी वाकलेलीच राहिली, लावलेली पट्टी पुन्हा लावत. लोव्रोनं मान जराशी बाजूला वळवली. सरळ बघण्यापेक्षा तसं त्याला बरं दिसायचं. तशाच वळवलेल्या मानेनं त्यानं काठावर बसलेल्या नारिंगी कोटाकडे बघितलं.

"चालवणार ही आहे," तो म्हणाला. "मला दिसत नाही आता, सिल्वो."