आतल्यांना आधी

त्या धुलाईच्या कारखान्यात डाग काढणाऱ्या बायकांची एक खोली होती आणि खोलीवर थोरलीचं राज्य होतं. घरातलीही ती थोरलीच. तिची धाकटी जाऊ तिच्याच हाताखाली कामाला. राहायच्या एका घरात, सकाळी यायच्या एकाच बसने. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट. रक्त, शाई, वंगण, काय म्हणाल ते. धाकटी कापड उजेडात धरायची, बोट फिरवायची, की डाग गेलाच म्हणून समजा. बाकीच्या नुसत्या घासत बसायच्या. शाबासकी मिळायची थोरलीला, आणि ती खुशाल घ्यायची.

पण डाग काढायच्या औषधांनी धाकटीच्या हातांची पार वाट लावली. पेरांना चिरा पडल्या. भाजी चिरताना डोळ्यांत पाणी यायचं आणि ते कांद्याचं नसायचं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "हे काम सोड, नाहीतर बोटं मिटायची बंद होतील." सोड म्हणे! सांगायला काय जातं?

तेवढ्यात कंपनीला कामगारांचा पुळका आला. मोकळी होणारी प्रत्येक जागा आधी आतल्या माणसाला, बाहेरचा नंतर. योजनेचं नावच 'आतल्यांना आधी'. फाटकावर हसऱ्या चेहऱ्यांचा मोठा फलक लागला. पहिलीच जागा निघाली तपासणीच्या खोलीत. कोरडं काम, धुतलेलं कापड बघायचं आणि पुढे सोडायचं. धाकटीने त्याच दिवशी नाव दिलं. अट एकच होती, खोलीच्या प्रमुखाने चांगलं बोलायला हवं. धाकटी हसून म्हणाली, "मग झालंच की! आमच्या ताईच तर आहेत."

मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा थोरलीने मनात हिशेब केला. ही गेली तर डाग कोण काढणार? महिन्याभरात गिऱ्हाइकं बोंबलत येतील आणि आपलं पितळ उघडं पडेल.

"पोरगी गुणी आहे हो साहेब," ती म्हणाली, "पण..."

त्या 'पण'ला कीड लागो!

"पण विसरते फार. नवीन शिकवलं तर डोक्यात शिरत नाही. आणि तोंडाने फटकळ. घरची म्हणून मी सांभाळून घेते, झालं."

फटकळ! जिने आजवर कुणाच्या अरेला कारे केलं नव्हतं, ती फटकळ. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वर घरी येऊन थोरली म्हणाली, "मी जीव तोडून सांगितलं गं, पण त्यांनी आधीच ठरवलं होतं." येताना महागातलं मलम आणलं होतं, ते स्वतः धाकटीच्या बोटांना चोळून दिलं. धाकटीला भरून आलं. सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली.

पुढच्या महिन्यात साऱ्या कारखान्यावर देखरेख करायची जागा निघाली. काचेची खोली, स्वतःचा टेलिफोन. आता थोरलीने नाव दिलं. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुमचं नाव नक्की आहे. तुमची खोली तुमच्यामागे कोण सांभाळेल, तेवढं सांगा."

थोरली पटकन बोलून गेली, "आमची धाकटी. तिच्याइतका हात कुणाचा नाही साहेब. शांत, हुशार, एकदा सांगितलं की पुरे."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"गेल्या महिन्यात तुम्ही वेगळंच सांगितलं होतं. वरच्या जागा वाढवायच्या तर खालच्या कमी कराव्या लागतात, म्हणून प्रत्येक खोलीतून एकेक माणूस काढतोय. तुमच्या खोलीतून तिलाच काढायचं ठरवलं, ते तुमच्याच शब्दावर. आता खरं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं? तेव्हाचं खोटं असेल तर ती राहील, तपासणीच्या खोलीतही जाईल. पण खोटं बोलणारं माणूस मी वर नेत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. थोरलीला त्या चिरा पडलेल्या बोटांची आठवण झाली, नाही असं नाही. अगदी ओठांवर आलं, की सांगून टाकावं. पण साहेबांच्या मागे ती काचेची खोली दिसत होती, आणि कुणीतरी आत टेबल पुसत होतं.

"तेव्हाचं खरं साहेब," ती म्हणाली. "आत्ता आपलं मायेपोटी बोलले. घरचं माणूस, जीभ ऐकत नाही."

साहेब प्रसन्न हसले. "माया घरी ठेवायची. इस्त्रीवालीला देतो तुमची खोली. अभिनंदन! आणि हो, काढलेल्या माणसांना सांगणं हे तुमचं पहिलं काम. उद्या सकाळी एकेकाला बोलवा, गोड बोलून मोकळे करा."

बातमी बसमधून आधीच घरी पोचली होती. थोरली दारात आली तर धाकटीने धावत येऊन तिला मिठीच मारली. धाकटे दीर सगळ्या आळीला ओरडून सांगत होते, "आमच्या वहिनी साहेब झाल्या!" धाकटीने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. बोटांना पट्ट्या होत्या म्हणून पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"ताई, तेव्हा त्यांनी तुमचं ऐकलं नाही," धाकटी तिच्या पायाशी बसत म्हणाली. "आता तुमच्या शब्दाला वजन आलंय. पुढची कोरडी जागा निघाली की माझ्यासाठी बोलाल ना?"

थोरलीने सगळं पाणी पिऊन टाकलं.

"उद्या सकाळी पहिली तूच ये माझ्या खोलीत," ती म्हणाली. "बोलू आपण."

"सगळ्यांच्या आधी मी?" धाकटी म्हणाली, आणि आनंदाने रडायलाच लागली.