चाळणीत उरलेलं वाक्य

संशोधनाची आवड: नैतिक कर्तृत्व, संकल्पस्वातंत्र्य व उत्तरदायित्व यांचा समकालीन संदर्भात चिकित्सक वेध.
अध्यापनाची आवड: कोणताही विषय चालेल.

"ही आवड आहे की उपासमार?" दादा तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "म्हणे कोणताही चालेल!"

"तू गप रे."

प्रबंधाचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलं होतं. हे अर्जाचं पान आज विभागात दिलं नाही, तर पुढच्या वर्षी शिकवायला वर्ग मिळणार नव्हता. आणि तिला तर सगळंच सोडायचं होतं. फक्त मार्गदर्शक सरांना तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून पान लिहिलं.

सरांच्या खोलीत पान नुसतं देऊन भागत नसे. मोठ्याने वाचायचं. सर प्रत्येक शब्दाला विचारणार, "म्हणजे काय?" उत्तर आलं नाही की शब्द खोडायचा. मुलं त्याला चाळणी म्हणत.

"समकालीन म्हणजे काय?"

खोडला.

"चिकित्सक? बिनचिकित्सेचा वेध कोण घेतं?"

खोडला.

असं चाळत चाळत एवढंच उरलं:

संशोधनाची आवड: संकल्पस्वातंत्र्य व उत्तरदायित्व.

"व म्हणजे काय?"

इथे तिचा बांध फुटला. "सर, मी सोडते. थकले मी."

"थकले म्हणजे काय?"

तिला आधी हसू आलं, मग रडू. मग, सवयच ती, तिने उत्तर दिलं.

"म्हणजे, थकलेलं माणूस 'नको' म्हणतं, तेव्हा ते त्याचं मत असतं की थकव्याचं? त्याला जबाबदार कुणाला धरायचं? मला कळत नाही. आत्ता मी 'सोडते' म्हटलं ना, त्याचंसुद्धा कळत नाही."

सरांनी यातला एकही शब्द खोडायला सांगितला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"हे लिही," ते म्हणाले.

"नको, सर."

"हे तुझं मत की थकव्याचं?"

"तेच तर म्हणतेय, कळत नाही!"

"मग इतक्यात सोडू नकोस. आधी घरी जाऊन झोप."

तिने नाक पुसलं आणि पेन मागितलं.

संशोधनाची आवड: थकलेल्या माणसाचा नकार कुणाचा?
अध्यापनाची आवड: पहिल्या वर्षाचा वर्ग. सकाळचा नको.

"सकाळचा नको म्हणजे—" सर म्हणायला लागले.

"ते मत आहे, सर," ती म्हणाली.