लक्षणं मात्र तीच

मित्रांनो, मी अजून हादरलेलो आहे, म्हणून बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एका डॉक्टरबाईंचा जुना स्टेथोस्कोप. मला पोट नाही, तरी ऐकलेलं सगळं मी पोटात ठेवतो. तेवढा एकच गुण माझ्या अंगी आहे.

कारखान्यात माझ्या नळ्या घडल्या, चकतीवर पातळ पडदा ताणून बसवला. बाई शिकत असताना त्यांच्या वडिलांनी मला घेऊन दिलं. तेव्हा बाई मला रुमालात गुंडाळून ठेवायच्या. पुढे दवाखाना निघाला आणि आम्ही दोघं कामाला जुंपलो. घाबरलेल्या, दमलेल्या, उगाच धडधडणाऱ्या किती छात्या ऐकल्या!

मग बाईंना लिहिण्याचा नाद लागला. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्या कथा लिहायच्या आणि कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवायच्या. माझ्या नळ्यांना भेगा पडल्या, पण लक्षात कुणाच्या येतंय! कंपाउंडर म्हणायचे, "बाई, पेशंट बाहेर ताटकळलेत आणि तुम्ही कथेची नाडी बघत बसलात!" बाई हसायच्या. एका मासिकाने त्यांची कथा फोटोसकट छापली. फोटोत मी त्यांच्या गळ्यात होतो. खोटं कशाला सांगू, मी फुगून गेलो होतो.

त्याच कथेने घात केला.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आमच्याकडे कित्येक वर्षं येतात. त्यांच्या हृदयाची झडप बिघडलेली आहे, तिची फुसफुस मला ऐकू येते. त्यांनी बाईंना विनवलं होतं, "लेकीला कळू देऊ नका हो. तिला लांबच्या शहरात शिकायला जागा मिळालीय. कळलं तर ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही."

काल सकाळी ती लेक मासिक घेऊन तरातरा आत आली. मागोमाग धापा टाकत काकू.

"ही बाई जिन्यात मध्येच थांबते आणि चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करते," लेकीने ओळीवर बोट ठेवून वाचलं. "झोपताना तीन उशा घेते आणि मान दुखते म्हणून सांगते. डॉक्टर, ही माझी आईच ना? तिचं हृदय बिघडलंय हे मला मासिकात वाचून कळायचं होतं?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी नाव बदललं. काम बदललं. लेकीच्या जागी मुलगा केला!"

"आणि उशा?" काकूंनी विचारलं.

"लक्षणं कशी बदलू, काकू? डॉक्टर आहे मी. खोटी लक्षणं लिहायला हात धजेना."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. मी तर सुन्न झालो. बाईंचा खरेपणाच काकूंच्या मुळावर आला होता.

"मी जागा सोडलीय, आई," लेक म्हणाली. "तसं कळवूनही टाकलं."

काकू खुर्चीत बसल्या. "सोडलीस?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"काकू, माझं चुकलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला काकूंच्या छातीला लावलं. फुसफुस पूर्वीपेक्षा वाढली होती. बाईंनी हळूच विचारलं, "आता दम जास्त लागतो का? पायांवर सूज येते का?"

काकूंनी पदर सारखा केला. "नाही. मला काही होत नाही."

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच आमच्याशी खोटं बोलल्या.

मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागत नाही. पण कुणी विश्वासाने सांगितलेलं लिहावंसं वाटलं, तर आधी त्या माणसाला विचारा. मला फक्त ठोके ऐकू येतात. पाय सुजतात का, झोपेत जीव घाबरतो का, हे माणसानेच सांगावं लागतं, आणि काकू आता सांगत नाहीत.